शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज

मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्याने कमी व्होल्टेजला नावं ठेवू नयेत. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळच्या माझ्या दुकानाचं भाडं, घराचा हप्ता, मुलीची फी, सगळं बरीच वर्षं कमी व्होल्टेजनेच भरलं. दिवाळी आटोपली, गहू-चना पेरून झाला, की सेलू, देवळी, समुद्रपूरकडून मोटारी यायला लागत. कुणी मोटारसायकलवर पोत्यात बांधून आणे, कुणी मालवाहू ऑटोत चार शेतकऱ्यांच्या मिळून. झाकण उघडलं की जळक्या वार्निशचा वास. शेतकऱ्याला वाटे मोटार खराब निघाली. मोटार बहुधा चांगली असे, लाईन खराब असे.

पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टांसाठी बनवलेली. शेवटच्या खांबावर, सगळ्यांचे पंप चालू असताना, तिला ३४० मिळतात. मोटारीची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ३४० वर ती जवळपास एक तृतीयांशाने कमी होते. विहिरीतलं पाणी मात्र तितक्याच खोलीवर असतं. मग मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. त्यात प्रत्येकाच्या पेटीत ऑटोस्विच. लाईन आली की डीपीवरचे, म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकाच क्षणी उठणार, आणि त्या एका क्षणात शेवटच्याला जे मिळेल ते त्याचं नशीब.

हे बोर धरणाच्या कालव्यासारखं आहे. वरचे आधी घेतात, टेलवाल्याकडे उरलंसुरलं पोचतं. विजेचं सगळं जाळं याच समजुतीवर उभं आहे, की डीपीपासून जितकं दूर जाल तितकं व्होल्टेज उतरणार. म्हणून डीपीवर ते मुद्दाम चढं ठेवतात. आपल्याकडच्या डीपीवर ११ हजार व्होल्ट आत आणि ४३३ व्होल्ट बाहेर असं लिहिलेलं दिसेल. ४३३ म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये २५०. घराला द्यायचे २४०, पण वाटेत दहा-वीस सांडणार हे धरून सुरुवातच २५० ने. नियम १९५६ पासूनचा : लघुदाबावर २४० च्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे साधारण २२६ ते २५४. यातल्या खालच्या आकड्याबद्दल मी आयुष्यभर तक्रारी ऐकल्या. वरच्या आकड्याची आठवण कुणी काढलेली मला तरी माहीत नव्हती.

सोलरची कामं मी आधीपासून थोडीफार घेत होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान जाहीर झालं आणि दुकानाचं रूपच पालटलं. वाइंडिंगची तांब्याची तार मागच्या खोलीत गेली, पुढे पॅनेलच्या चौकटी आल्या. नालवाडी, सिंदी मेघे, पिपरी मेघे, मग हळूहळू खेड्यांतून विचारणा. त्याच महिन्यात ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली : दहा किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवायच मंजूर धरायचा. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम, आमच्याही. पूर्वी त्या तपासणीसाठी अर्ज पडून राहत. मात्र आता या खांबावर, या फेजवर आणखी तीन किलोवॅट मावतील का, हा प्रश्न कागदावरसुद्धा कुणी विचारत नाही.

सेलू तालुक्यातल्या एका गावात एका निवृत्त गुरुजींकडे मी तीन किलोवॅटचं बसवलं. गाव नाल्याच्या काठाला संपतं तिथे त्यांचं घर. पावसाळा, हिवाळा ठीक गेला. माघ सरत आला आणि त्यांचा फोन आला.

"तुम्ही बसवून दिलेलं यंत्र बाराच्या ठोक्याला झोपते. सरकारी नोकरीत आहे का ते?"

मी गेलो तेव्हा इन्व्हर्टरच्या पडद्यावर ग्रिड ओव्हरव्होल्टेज असं येऊन तो बंद. दोनेक मिनिटांनी आपोआप सुरू झाला, पाच-सात मिनिटं चालला, पुन्हा बंद. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे नियम सांगतात की व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं तर अशा यंत्राने दोन सेकंदांत बाजूला व्हायचं, आणि लाईन किमान ६० सेकंद ठीक राहिली तरच परत जोडून घ्यायचं. २४० चे ११० टक्के म्हणजे २६४. यंत्र नियमाने वागत होतं. गुरुजींचा आग्रह होता की पॅनेल नकली आहेत. शेजारच्यांचं व्यवस्थित चालतं, मग माझंच कसं बंद पडतं, हा त्यांचा मुद्दा, आणि तो बिनतोड होता.

मीटर लावलं. गुरुजींचा इन्व्हर्टर बंद असताना त्यांच्या मेनस्विचवर २६०. सात गाळे (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक गाळा) चालत डीपीपाशी गेलो, लाईनमनभाऊंना बोलावून पेटी उघडली, तिथे २४८. डीपीपासून लांब जावं तसं व्होल्टेज चढत होतं. माझ्या सगळ्या धंद्यात मी हे कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि आपल्या हातातल्या मीटरवर बघणं वेगळं.

कारण तसं सोपं आहे. तारेला रोध असतो. करंट ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला व्होल्टेज उतरत जातं. रात्री करंट डीपीकडून घराकडे येतो, म्हणून घराकडे उतरतं. दुपारी घरात पंखा आणि फ्रिज सोडून काही नसतं, छतावरचा सगळा करंट डीपीकडे निघतो, म्हणून डीपीकडे उतरतं, म्हणजेच घराकडे चढतं. इन्व्हर्टरला करंट बाहेर ढकलायचा तर लाईनीपेक्षा वरच राहावं लागतं. जितकी तार बारीक आणि लांब, तितकं जास्त वर.

हिशेब गुरुजींच्या ओट्यावर बसून केला. गावातल्या लाईनला विझल तार. (आपल्या ॲल्युमिनियमच्या तारांना इंग्रजांच्या काळापासून प्राण्यांची नावं आहेत : स्क्विरल, विझल, रॅबिट, डॉग. लाईनमन दिवसभर ही जनावरं उच्चारतो आणि त्याला त्यात काही गंमत वाटत नाही.) विझलचा रोध किलोमीटरला साधारण ०.९१ ओहम. सात गाळे म्हणजे साडेतीनशे मीटर. सिंगल फेजचा करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परततो, म्हणून अंतर दुप्पट, रोध ०.६४ ओहमच्या आसपास. तीन किलोवॅटचा करंट साडेबारा अँपिअर. गुणाकार आठ व्होल्ट. एका घराचे आठ.

गुरुजींच्या टोकाला अशी तीन घरं होती आणि तिन्ही एकाच फेजवर. आठ त्रिक चोवीस. डीपीवर २४८, त्यात चोवीस मिळवा, घरातल्या पंख्या-फ्रिजचे थोडे वजा करा, तरी २६४ ओलांडलेच. तिघांत गुरुजी सर्वांत शेवटी, म्हणून उंबरठा आधी त्यांचा ओलांडला जाई. ते बाजूला झाले की लाईन खाली येई आणि शेजाऱ्यांचं सुखाने चाले. शेजाऱ्यांना चालू ठेवण्यासाठी रोज दुपारी गुरुजी त्याग करत होते असं मी म्हटलं, ते त्यांना आवडलं नाही.

त्यांच्या घरी त्याशिवाय आणखी एक भानगड होती. खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर जुनी, चार स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम, तीस मीटर लांब. दोन बल्ब आणि एका पंख्याच्या काळात टाकलेली. साडेबारा अँपिअर बाहेर जाताना तिच्यातच साडेपाच व्होल्ट चढत. तिथे दहा स्क्वेअर एमएमची टाकली की सव्वादोनवर येतात. ग्राहकाला मी पॅनेलच्या कंपन्यांचे तीन-तीन पर्याय दाखवतो, पण सर्व्हिस वायरीचं कुणी विचारत नाही.

लाईनमनभाऊ हे सगळं ऐकत उभे होते. म्हणाले, "म्हणजे आता तुमचीच लाईन आमच्या लाईनीला ढकलून रायली, भाऊ."

"हो. डीपीची टॅप खाली घेता येईल का?"

"या डीपीला टॅपच नाही जी. अन् असती तरी खाली घेतल्यावर रात्री याच गुरुजींचा फोन येते, लाईट डिम आहे म्हणून."

ते खरं होतं. मी मुद्दाम रात्री आठ वाजेपर्यंत थांबलो. त्याच मेनस्विचवर २१२. एकाच खांबावर, एकाच दिवसात दुपारी २६० आणि रात्री २१२. दोन्हीही नियमाबाहेर, एक वरून आणि एक खालून. मोठ्या डीपींना व्होल्टेज वर-खाली करायच्या टॅप असतात, पण त्या लाईन बंद करून हाताने फिरवायच्या. सकाळी खाली, संध्याकाळी वर असं रोज कोण करणार?

यात एक गोष्ट आपल्या खेड्यांची खास आहे आणि ती मला उशिरा उमगली. दुपारी बारा वाजता गावात वीज वापरणारं काय असतं? माणसं वावरात. सगळ्यात मोठा वापर पंपांचा, पण पंप गावाच्या लाईनीवर नाहीतच. लोडशेडिंगच्या दिवसांत गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे केले गेले, म्हणजे पंपांची लाईन गेली तरी घरातले दिवे राहतील. तो निर्णय चांगलाच होता. त्याने गावांना संध्याकाळ परत मिळाली. पण आज त्याचा परिणाम असा, की गुरुजींच्या छतावर वीज तयार होते तेव्हा दोन शेतं पलीकडे पंप चालू असतात आणि त्या दोघांची गाठ उपकेंद्रापर्यंत गेल्याशिवाय पडत नाही. पंपांच्या बाजूला याच्या उलट चाललंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीची सुरुवात झाली तेव्हा अहमदनगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी आणि आमच्या शेजारच्या यवतमाळमधलं कोळंबी ही प्रायोगिक गावं होती. आता उपकेंद्राच्या आसपास काही मेगावॅटचे प्रकल्प उभे करून शेतीच्या ११ केव्हीच्या फीडरना दिवसा वीज द्यायची अशी रचना आहे. तिथे ऊन आणि पंप एकाच वेळी हजर, म्हणून व्होल्टेज सावरतं. अशा फीडरवरच्या गावांतून माझ्याकडे जळक्या मोटारी कमी यायला लागल्या आहेत. ऊन तेच आहे, पण एका फीडरला ते औषध होतं आणि दुसऱ्याला अजीर्ण.

वर्धा जिल्ह्यात राहून हे बोलताना थोडं हसूही येतं. देवळीजवळ पॉवरग्रिडचं ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे. तिथून छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीच्या औरंगाबादकडे) जी लाईन निघते तिचे टॉवर पुढेमागे १२०० केव्हीवर नेता येतील असे बांधलेत. त्या टॉवरखालून मी स्कूटरवर जातो आणि माझी झुंज बारा व्होल्टांशी असते. दुसरीकडे मगनवाडी. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला, आणि म्हणून सोलरच्या कुठल्याही कार्यक्रमात एक वक्ता हमखास गावाच्या स्वावलंबनावर येतो. मला त्या विचाराबद्दल आदर आहे. पण ज्यांच्या छतावर मी पॅनेल लावतो त्यांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, की लाईन गेली की तुमचं सोलरही जाणार. खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवासाठी ते तसं केलेलं आहे. पॅनेल तुमचं, छत तुमचं, तरी लाईन नसेल तर एक युनिटही नाही. काही ग्राहक तेव्हाच चहाचा कप खाली ठेवतात.

उपाय विचारला तर धंद्यातले काही लोक एकच सांगतात : पासवर्ड टाकून इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून द्या, २७५ करा, ग्राहक खूश. मला हे मान्य नाही. गुरुजींच्या भिंतीला लागून एक आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे सोलर नाही, योजनेचं नावही त्यांना माहीत नाही. त्या मला म्हणाल्या, "महिन्याला एक बल्ब जाऊन रायला बाप्पा, काऊन?" त्यांचा फेज तोच. इन्व्हर्टर निदान स्वतःला बंद करून घेतो. आजींचा बल्ब आणि टीव्हीचा अडॅप्टर काय करणार? मर्यादा वाढवली की ज्याच्या छतावर काही नाही त्याच्या घरात २७० व्होल्ट जातात, आणि बल्बाचे पैसे त्याने द्यायचे.

नवे इन्व्हर्टर थोडी रिॲक्टिव्ह पॉवर ओढून व्होल्टेज दाबू शकतात. कंपनीच्या प्रशिक्षणात यावर फार बोलतात. जाड तारांच्या, लांब ११ केव्ही लाईनवर त्याचा उपयोग असेल. विझलसारख्या बारीक तारेत रोधच मुख्य, रिॲक्टन्स त्याच्या निम्म्याहून कमी. पॉवर फॅक्टर ०.९ वर नेला तरी चढलेल्या व्होल्टेजचा जेमतेम पाचवा हिस्सा खाली येतो, वर करंट वाढतो तो वेगळा. ऑस्ट्रेलियातली पद्धत मला जास्त पटते. तिथे इन्व्हर्टरने व्होल्टेज चढू लागताच हळूहळू उत्पादन कमी करायचं असतं, धाडकन बंद व्हायचं नसतं. गुरुजींचं यंत्र तसं असतं तर त्यांची दुपार पूर्ण बुडाली नसती. जर्मनीत याहून आधीच पाऊल उचललं : लघुदाबाच्या लाईनवर छोट्या प्रकल्पांनी मिळून व्होल्टेज ३ टक्क्यांपेक्षा जास्त चढवायचं नाही. २३० चे ३ टक्के म्हणजे सात व्होल्ट. आमच्या टोकाला चोवीस होते.

आपल्याकडे मर्यादा आहे ती डीपीच्या क्षमतेवर. राज्याच्या विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये ती ४० टक्के ठेवली होती, २०१९ मध्ये ७० केली. ६३ केव्हीएच्या डीपीला ७० टक्के म्हणजे ४४ किलोवॅट. गुरुजींचं गाव त्याच्या आसपासही नव्हतं. टोकावरच्या नऊ किलोवॅटने गोंधळ घातला होता. डीपी किती तापेल याचं उत्तर त्या टक्केवारीत मिळतं. सातव्या गाळ्यावर काय होईल, हे गाळे आणि फेज मोजल्याशिवाय कळत नाही.

शेवटी काम झालं ते अगदी साध्या गोष्टीने. तिन्ही घरं तीन फेजवर वाटली. लाईनमनभाऊंनी रीतसर परवानगी घेऊन, लाईन बंद करून दोन सर्व्हिस दुसऱ्या फेजवर घेतल्या आणि चौथ्या खांबावरचा न्यूट्रलचा झंपर नव्याने बांधला. तो इतका गंजला होता की हात लावताच दोन पदर सुटले. आता कागदावरचा हिशेब बघा. तिघांचा करंट सारखा आणि तीन फेजवर असेल तर न्यूट्रलमध्ये काहीच वाहत नाही, परतीचं अंतरच गळून जातं. चोवीस व्होल्टांच्या जागी चार. वीस व्होल्ट नुसत्या जोडण्या बदलून गेले, नवा डीपी नाही, नवी तार नाही. प्रत्यक्षात तिघांचं ऊन आणि वापर कधी अगदी सारखा नसतो, म्हणून आम्हाला सहा-सात मिळाले. पण २६० चे २५५ झाले आणि गुरुजींचं यंत्र दुपारी जागं राहू लागलं. आजींचे बल्बही टिकले. त्याचं श्रेय त्यांनी गावातल्या दुकानदाराला दिलं, या वेळी चांगला माल आणला म्हणून.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याच टोकाला आणखी घरांनी सोलर घेतलं. काही माझ्याकडून, काही दुसऱ्यांकडून. फेज वाटून घेतलेले, तरी माघात व्होल्टेज परत चढू लागलं. माघातच का, हा प्रश्न मला पडला होता. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांचा, तेव्हा सगळ्यात जास्त व्हायला हवं असं वाटतं. पण पॅनेल तापलं की त्याचं उत्पादन घटतं, आणि मेच्या दुपारी घरोघरी कुलर चालू असतात. वीज जागच्या जागी खपते. खरी अडचण माघ-फाल्गुनात आणि पावसाळा सरल्यावर : ऊन लख्ख, पॅनेल थंड, कुलर माळ्यावर.

म्हणून दुपारी खपवायचं काय, हे शोधत गावात फिरलो. चक्कीवाल्याला म्हटलं, दुपारी दळण घ्या. तो म्हणाला, गिऱ्हाईक संध्याकाळीच येते, मी काय रिकामी चक्की फिरवू? त्याचंही बरोबर. मग नाल्याकाठची ग्रामपंचायतीची विहीर दिसली. साडेसात हॉर्सपॉवरची मोटार, गावठाणाच्याच डीपीवर, आणि गुरुजींच्या खांबापासून एका गाळ्यावर. टाकी भरायची पहाटे. ती दुपारी बारा ते दोन चालवली तर टोकाचं व्होल्टेज साडेतीन-चारने उतरतं. तेवढंच हवं होतं.

ग्रामपंचायतीत विषय ठेवला. रोधाबद्दल कुणालाच काही ऐकायचं नव्हतं. बायकांचा एकच आक्षेप होता : दुपारी भरलेली टाकी उन्हात तापेल, उन्हाळ्यात संध्याकाळचं पाणी प्यायच्या लायकीचं राहणार नाही. एक काकू तर म्हणाल्या, तुमच्या सोलरसाठी आम्ही कढत पाणी प्यायचं का? मी घाईघाईने सांगितलं की उन्हाळ्यात तसं करायची गरजच नाही, तेव्हा कुलर आहेत. ठरलं असं : ऑक्टोबर ते मार्च टाकी दुपारी भरायची, उन्हाळ्यात पहाटेच. सरपंचबाईंनी लिहून घेतलं आणि पुढच्या विषयाकडे वळल्या, तो नालीचा होता.

आता नवं काम घेताना मी आधी ग्राहकाच्या घरी दुपारी एकदा आणि रात्री एकदा मीटर लावतो, खांब मोजतो आणि शेजारची सोलरं कोणत्या फेजवर आहेत ते लाईनमनला विचारतो. टोकाच्या घराने पाच किलोवॅट मागितलं तर तीनवर थांबा म्हणतो, किंवा थ्री फेज कनेक्शन घ्यायला सांगतो. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात.

त्या गावचं पाणी सोडणारा पोरगा लग्नाबिग्नाला गेला, की साडेबाराच्या सुमारास मला गुरुजींचा फोन येतो, "आज टाकी भरली नाही वाटते."